कुंदाची पात

नागपंचमी होऊन गेली की तिकडचं बोलावणं येतं. यंदाही आलं. आमच्या मुकादम ताराबाई दारात आल्या, पायरीला चप्पल घासून चिखल काढला आणि म्हणाल्या, "उद्यापासून हाय. खुरप्याला धार लावून घे." मी मान हलवली. चहा विचारला तर म्हणाल्या, "नको, अजून लय घरं फिरायचीत," आणि गेल्या. मग मी मोरीतल्या दगडावर खुरपं घासत बसले. पातं चमकायला लागलं तरी घासतच होते. आतून हे म्हणाले, "पुरे आता, झिजून जाईल." तेव्हा थांबले.

कामणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी गोल्फचं मैदान आहे. रस्त्यावरून दिसत नाही, मधे उंच जाळी आणि बांबूची रांग आहे. उन्हाळ्यात तिथल्या नको असलेल्या गवतावर औषध मारतात. पावसात औषध धुऊन जातं, म्हणून श्रावण-भाद्रपदात आम्हा बायकांना बोलावतात. आम्ही रांगेने उकिडव्या बसतो आणि जाड गवत मुळासकट काढत पुढे सरकतो. बारीक गवत ठेवायचं, जाड काढायचं. काम एवढंच आहे. तरी पहिल्या वर्षी मला ते डोक्यात बसायला वेळ लागला, कारण लहानपणापासून जे काही खुरपलं त्यात सगळंच गवत नको असायचं. इथे गवतातून गवत काढायचं.

ठेवायचं ते गवत आपल्या हरळीसारखं, पण इतकं आखूड कापलेलं की मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं लागतं. काढायचं त्यात लव्हाळा असतो, कुसळी असते आणि सगळ्यात चिवट राननाचणी. ती जमिनीला पाठ टेकून पसरते. कापायचं यंत्र वरून जातं आणि ती खाली तशीच. बुडाशी चपटी, पांढरी असते. नुसती ओढली तर पानं हातात येतात आणि बूड हसत राहतं. खुरप्याचं टोक खाली घालून उचकटावी लागते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी इथल्या माळांवरचं जाड गवत कापून, भारे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दिवाळीनंतर सगळ्या घराला सुक्या गवताचा वास असायचा, भाकरीलासुद्धा. सासूबाई म्हणायच्या, गवत लवकर फुटू नये, उशिरा वाळू नये, एवढंच देवाकडे मागायचं. त्याच मातीतून मी तेच गवत आता उपटते आणि घमेल्यात टाकते. याचं मला वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही. हात चालतात.

या दिवसांत ऊन आणि पाऊस एकमेकांना धरून असतात. अंगावरची मेणकापडाची खोळ काढावी तर सर येते, घालावी तर आत घाम धारांनी वाहतो. रविवारी चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज जाळीपलीकडून सारखा येत असतो. गाणी लावलेली असतात, पोरं ओरडत असतात. आमच्या बाजूला फक्त खुरप्यांचा आवाज. खरपट, खरपट. उपटलेल्या बुडांचा वास कच्च्या भुईमुगासारखा येतो.

आमच्या कामाची एक रीत आहे. प्रत्येकीला आपापली पात असते. पात म्हणजे बसल्या जागेवरून दोन्ही हात पोचतील एवढा पट्टा, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रांग एकदा लागली की हंगामभर तीच रांग. हिच्या शेजारी ही, तिच्या शेजारी ती. आणि दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. एखादी मागे राहिली तर बाकीच्या हळू होतात, पण तिचं गवत उपटत नाहीत. उपटलं तर त्याचा अर्थ, तुला जमत नाही. त्यावरून भातशेतात आमच्याकडे भांडणं झालेली मी पाहिली आहेत. कोणी आजारी पडली तर तिची पात तशीच ठेवतात. ती आली की थोडी जास्त बसून आपली भरून काढते. हे कोणी शिकवलेलं नाही. आमच्या आया अशाच बसायच्या.

कुंदा माझ्या शेजारच्या पातीला असायची. माझ्याहून लहान, अंगाने किरकोळ, पण तिला बोलल्याशिवाय गवत उपटता येत नसे. मला बोलायला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की नजर जमिनीकडे जाते. कुंदाला त्याचं काही नव्हतं, ती दोघींचंही बोलायची.

"काय गं, आज कालवण काय? भोपळा केला असशील. परत भोपळा? नवरा बोलला नाय? तो कशाला बोलतोय, त्याला कोन विचारतंय."

सगळं तीच. बायका हसायच्या, मीही हसायचे. माझ्या घरात त्या दिवशी खरोखर भोपळाच असायचा, हे तिला कसं कळायचं कोण जाणे.

खेळणारे साहेब आमच्या बाजूला चेंडू मारणार असले की राखणदार शिट्टी वाजवतो. शिट्टी झाली की जागेवर खाली बसायचं, मान आत घ्यायची आणि घमेलं डोक्यावर उपडं घालायचं. "बसा गं कासवांनो," कुंदा म्हणायची. एकदा चेंडू तिच्याच घमेल्यावर बसला. चर्चच्या घंटेसारखा आवाज झाला. साहेब बिचारा धावत आला, "सॉरी, सॉरी, लागलं का?" कुंदा घमेल्याच्या आतूनच म्हणाली, "लागला नाय साहेब. पन परत मारू नका, घमेलं कंपनीचं हाय." त्या साहेबाला हसावं की नाही कळेना. आमच्या रांगेतली सगळी घमेली हलत होती.

हे आठवतं तेव्हा मला चित्र दिसतं, आवाज नीट येत नाही. तिचा आवाज कसा होता ते आता नक्की सांगता येत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी पाऊस जास्त होता, कापायचं यंत्रही चिखलात रुतायचं म्हणून बंद होतं. पायाच्या भेगा भरत नव्हत्या, त्यांत पाणी मुरायचं. एका संध्याकाळी घरी निघताना कुंदा म्हणाली, "अंग मोडून आलंय. उद्या नाय येत. माझी पात ठेवा, परवा येऊन दोन दिवसांची ओढते." ताराबाई म्हणाल्या, "झोप जा. पात कुटं पळत नाय." दुसऱ्या दिवशी आम्ही तिची पात ठेवली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग कळलं, तिला दवाखान्यात नेलंय, डोळे पिवळे झालेत. उंदरांच्या मुताने पाण्यातून होणारा ताप आहे, असं डॉक्टर म्हणाले. जाड गवतात उंदीर असतात, ते आम्हाला ठाऊकच होतं. गौरीच्या आधी ती गेली.

मी तिच्या घरी गेले, बसले. बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही. मी तिच्या उंबऱ्यापाशी वाळत टाकलेली खोळ बघत होते. तिची एक कड उलटी राहिली होती. ती सरळ करावी असं वाटत होतं, पण उठून तेवढं केलं नाही.

मग पुन्हा कामाला लागलो. रांग लागली तेव्हा जी ती आपल्या जागी बसली. माझ्या शेजारी रिकामं होतं, त्याच्या पलीकडे पार्वती. पार्वती माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते. गवत समोर होतं, ते उपटत गेलो. रिकाम्या जागेत पाऊस पडत होता, तसा तो सगळीकडेच पडत होता. एक मैदान झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला लागलो. जेवायला बसलो की डबे उघडायचे, खायचं, मिटायचे. कोणाला भूक आहे असं दिसत नव्हतं आणि कोणी उरवतही नव्हतं.

आम्ही मुद्दाम काही केलं नाही. हे मी खरं सांगते. कोणी कोणाला म्हणालं नाही की तिची पात ठेवू या. फक्त कोणी सरकलं नाही.

एका सकाळी फ्रान्सिस साहेबांनी आम्हाला वर बोलावलं. फ्रान्सिस साहेब म्हणजे गवतावरचे साहेब, वटार गावचे, घरची केळीची वाडी असलेले. कधी आवाज चढवत नाहीत. वर उंचावर एक इमारत आहे, खेळणारे तिथे चहा घेतात. तिच्या व्हरांड्यात आम्ही त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. ओल्या खोळी टपकत होत्या, म्हणून आम्ही कडेलाच एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो.

"खाली बघा," साहेब म्हणाले.

आम्ही बघितलं. आपण जिथे दिवसभर सरपटतो ती जागा वरून कशी दिसते हे आम्हाला माहीत नव्हतं. सगळं मैदान एका रंगाचं, पुसून काढल्यासारखं. आणि मधून एक सरळ पट्टा गेला होता, गडद, रुंद, वर तुरे आलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडच्या मैदानात तसाच. त्याच्या पलीकडच्यातही तसाच. वाऱ्याने तेवढाच हलत होता.

मग ताराबाई म्हणाल्या, "ती कुंदाची पात."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला कळतंय ताराबाई. पण मॅनेजर रोज इथे बसून चहा पितो. मला म्हणतो, फ्रान्सिस, ह्या बायका मुद्दाम करतायत का? आता त्याला मी काय सांगू? दसऱ्यानंतर मोठी मॅच आहे. बदली माणूस आणा एक, म्हणजे मला बोलता येईल."

बदलीचीही रीत आहे. ज्या घरची बाई, त्या घरचीच बदली. तो त्या घराचा हक्क समजतात, दुसऱ्या कोणाला घेतलं तर त्यांच्या पोटावर पाय. कुंदाच्या घरी तिचा नवरा होता, तो वीटभट्टीवर जाणारा, पावसात घरीच. पुरुष खुरपायला बसत नाहीत. आणि मुलगी होती, मयुरी. दहावीला.

खाली उतरताना ताराबाई कोणालाच न बघता म्हणाल्या, "पोरगी येईल."

मी चौथी पास आहे. पास झाले त्याच पावसात माझ्या आईच्या कंबरेत काहीतरी भरलं आणि तिला बसता येईना. भाताची बेणणी म्हणजे खुरपणी चालू होती. आजी म्हणाली, हंगामापुरती हिला बसवा. मला आईच्या पातीत बसवलं. खुरपं आईचं, मुठीत मावत नव्हतं. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, मला मागे पडू देत नव्हत्या, हळू व्हायच्या. मग हंगाम संपला, कापणी आली. मग झोडणी. पुढच्या पावसात कोणी विचारलंच नाही की हिची शाळा कुठली. मी त्या पातीतून अजून उठलेले नाही. मला कोणी मारून बसवलं नव्हतं. सगळे मायेनेच वागले होते. म्हणूनच कोणावर राग धरता येत नाही.

मयुरी आली. आईची खोळ घालून आली, खुरपंही तिचंच. बाप जाळीपर्यंत सोडायला आला होता, तिथूनच परत गेला. ती माझ्या शेजारी बसली. तुरे तिच्या गुडघ्याला लागत होते. तिने पहिला झुबका दोन्ही हातांनी धरून ओढला आणि पानं तुटून मागे पडली. बायका हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

"बुडाला धर गं, शेंडीला नको," पार्वती म्हणाली.

"बूड दिसतंच नाय."

"दिसत नाय, लागतं. बोट घाल."

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं. "मावशी, तू खरंच बोलत नाहीस का? आई म्हणायची, हिच्या तोंडात लव्हाळ्याची गाठ हाय."

मी हसले असेन. तिने परत एक झुबका धरला. "पप्पा म्हणतात, बाहेरून पन देता येते दहावी. फॉर्म भरायचा फक्त. मॅच झाली की मी बघनार." मग म्हणाली, "आईच्या जागेवर बरं वाटतं. घरात नाय बसवत."

हे तिने सहज सांगितलं. आणि मला दिसत होतं की तिला खरंच बरं वाटत होतं. दुपारपर्यंत तिला बूड सापडायला लागलं. संध्याकाळी तिच्या मागे पट्ट्याचा एक तुकडा साफ झाला होता. ताराबाई म्हणाल्या, "आईचा हात हाय." बायकांनी माना डोलवल्या. सगळ्या मायेने बघत होत्या तिच्याकडे.

त्या संध्याकाळी मी घरी भाकऱ्या थापल्या, जेवले, भांडी घासली. काही ठरवलं वगैरे नाही. ठरवणाऱ्यातली मी नाही.

सकाळी पाऊस नव्हता. आम्ही रांगेने बसलो, मयुरी अजून यायची होती. मी माझ्या जागेवर बसले आणि मग उठले आणि अर्धी कुंदाच्या पातीत जाऊन बसले. तिथलं गवत ओलं होतं, पायाला कापत होतं. मी खुरपं खाली घातलं आणि एक बूड उचकटलं. मग दुसरं.

पार्वतीचं खुरपं थांबलं. रांगेतली सगळी खुरपी थांबली.

ताराबाई चालत आल्या. "काय गं? दुसरीच्या पातीत?"

मी खाली बघूनच म्हणाले, "ती शाळेत जाऊ दे."

त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्या उभ्या राहिल्या. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, अंगठ्याच्या नखात चिखल. मग पार्वती उठली आणि दुसऱ्या बाजूने येऊन बसली. आता माझ्या आणि तिच्यामध्ये जागा उरली नाही. ताराबाईंनी श्वास सोडला.

"सरका गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं घ्या. कुटं पन मोकळं दिसता कामा नये."

रांग सरकली. कडेच्या बायका आत आल्या, मधल्या थोड्या पसरल्या. प्रत्येकीच्या पातीत हातभर वाढलं. त्याचा जास्त काही मोबदला मिळणार नव्हता, आणि तसं कोणी विचारलंही नाही. तुरे उपटले जात होते तेव्हा त्यांचं बी उडून माझ्या पदराला चिकटत होतं. मला वाटलं होतं की आता तरी रडू येईल. आलं नाही. कुंदाच्या जागी मी आपणहून बसले होते आणि गवत काढत होते आणि ते गवत बाकीच्या गवतासारखंच होतं.

मयुरी आली तेव्हा आम्ही बरंच पुढे गेलो होतो. ती रांगेच्या मागे उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"माझी जागा?"

"जागा नाय," ताराबाई म्हणाल्या. "मानसं पुरी हायत. तू शालंत जा."

"कालपर्यंत होती."

"काल होती."

ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "मावशी, तू बसलीस आईच्या जागेवर?" मी मान वर केली नाही. "तीन आठवडे पन नाय झाले," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिला पुसून टाकलीत." मग खुरपं आपटल्याचा आवाज आला आणि धावत गेल्याचा. कोणी तिच्यामागे गेलं नाही. मला सांगता आलं असतं. का बसले ते सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं. पण माझ्याने झालं नाही.

दुपारी बाप आला. जाळीपाशी उभा राहून ताराबाईंना बरंच बोलला. घरचा हक्क मारला म्हणाला. ताराबाईंनी त्याला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "जागा कुटं दिसते ती तूच सांग. दिसली तर बसव." तो रांगेकडे बघत राहिला. मग निघून गेला. कामाला जागा नाही म्हटल्यावर पोरगी शाळेत जात राहिली. त्याला दुसरं काही कारण नव्हतं.

दसऱ्यापर्यंत वरून बघायला कोणी बोलावलं नाही, म्हणजे सगळं एका रंगाचं झालं असणार.

मयुरी दहावी झाली. फुलपाड्याला आत्याकडे राहून कॉलेज करते. बाजारात कधी दिसली तर दुसऱ्या दुकानात शिरायची. मला त्याचंही काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर ते कुठे आहे ते मला सापडत नसे. दात काढल्यावर गालाला हात लावला तर गाल आपला नसतो, तसं.

यंदा गणपतीच्या सुट्टीत आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा ती आली. फ्रान्सिस साहेबांनीच आत सोडलं. केस मोकळे, पायात पांढरे बूट, ते चिखलाने भरलेले. बायकांनी तिला डब्यातलं दिलं, तिने घेतलं. ताराबाईंनी विचारलं, किती राहिलं शिक्षण. तिने सांगितलं, मला नीट कळलं नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, आई कुठे बसायची, दाखवशील?"

मी डबा मिटला आणि उठले. आम्ही दोघी मैदानात गेलो. बायका बघत होत्या. मधोमध आल्यावर मी थांबले. सगळीकडे सारखं होतं. तेव्हा आम्ही सरकलो, पुढच्या वर्षी रांग वेगळी लागली, मधे दोन बायका नवीन आल्या. कुठून कुठपर्यंत तिची पात होती हे मला आठवेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ती वाट बघत होती. बोट कुठेही दाखवलं असतं तरी तिला कळलं नसतं.

मी खाली बसले. उकिडवी, नेहमीसारखी.

"इथे?" तिने विचारलं.

"इथे मी," मी म्हणाले. "ती माझ्या उजव्या हाताला."

मयुरी बूट काढायला लागली.